एक पुस्तक, दोन वाचनालयं आणि वसईची सफर

दोस्तांनो, विरारहून वसईला लोकलने जायला किती वेळ लागतो? दहा-बारा मिनिटं! मध्ये फक्त नालासोपारा लागतं. पण एक पुस्तक मात्र हे एवढंसं अंतर पार करू शकत नव्हतं. वसईतल्या एका कपाटात ते वाट बघत पडलं होतं, आणि विरारमध्ये माझी भाची त्याच्यासाठी हैराण झाली होती. तिला ते कसं मिळालं, त्याचीच ही हकीकत.

भाची आठवीत आहे. शाळेत निबंध स्पर्धा होती, विषय ‘माझ्या गावाचा इतिहास’. तिने निवडलं सोपारा. आपलं रोजचं नालासोपारा म्हणजेच प्राचीन काळचं शूर्पारक. तिथल्या बंदरात दूरदेशीची गलबतं लागत. बाईसाहेब उत्साहाने वाचनालयात गेल्या आणि हिरमुसून परत आल्या. सोपाऱ्यावरचं पुस्तकच तिथे नव्हतं.

“दुसऱ्या वाचनालयात असेल का, म्हणून विचारलं,” ती म्हणाली. “तर तिथले काका म्हणाले, अगं, दुसरीकडे काय आहे ते आम्हाला कसं कळणार?”

योगायोगाने तिच्या सरांना आठवलं, की असं एक जुनं पुस्तक त्यांनी वसई गावातल्या वाचनालयात पाहिलं होतं. मग काय, शनिवारी सकाळी डबा-पाणी घेऊन मामा-भाची निघालो!

विरारला गाडीत बसलो, पण पुढच्याच स्टेशनला उतरलो. सोपाऱ्यावर निबंध लिहायचा आणि सोपारा बघायचं नाही, हे कसं चालेल? पश्चिमेला रिक्षा केली आणि ‘बुरुड राजाचा कोट’ गाठला. नाव कोटाचं, पण हा किल्ला नव्हे. हा आहे विटांचा प्राचीन बौद्ध स्तूप. स्टेशनवरची गर्दी, हॉर्नचा कलकलाट, आणि इथे एकदम शांतता. झाडांच्या सावलीत विटांचा तो मोठा ढिगारा मुकाट बसलेला.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा स्तूप खणून पाहिला. आत दगडाचा एक मोठा करंडा मिळाला. त्यात एकात एक बसवलेल्या डब्या होत्या. तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची आणि सगळ्यात आत सोन्याची! सोबत ब्राँझच्या आठ सुंदर मूर्तीही होत्या. हा ठेवा आता मुंबईला एशियाटिक सोसायटीकडे, फोर्टमधल्या टाऊन हॉलमध्ये आहे.

त्याच वर्षी भगवानलालांना सोपाऱ्यात आणखी एक वस्तू मिळाली. दिसायला अगदीच साधी, अक्षरं कोरलेला दगडाचा एक तुटका तुकडा. तो होता सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग! आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेच्या सहली काढत, शिकार करत. मी मात्र धम्मयात्रा सुरू केल्या. त्यांत मी साधू-श्रमणांना, वृद्धांना, खेड्यापाड्यातल्या लोकांना भेटतो.

भाचीने लगेच शंका काढली. “मामा, तुकडाच मिळाला ना? मग तो आठवाच लेख आहे, सातवा किंवा नववा नाही, हे कसं ओळखलं?”

शाब्बास! खरी मेख इथेच आहे. अशोकाने हे लेख एकाच जागी कोरले नव्हते. गुजरातमध्ये गिरनारला, उत्तराखंडात कालसीला, ओडिशात धौलीला, आंध्रात येर्रागुडीला त्यांचे पाठ आहेत. बहुतेक ठिकाणी लिपी ब्राह्मी. पण आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे खरोष्ठी, कारण तिथले लोक ती लिपी वाचत. अफगाणिस्तानात कंदाहारला तर अशोकाचा मजकूर चक्क ग्रीक भाषेत सापडलाय! म्हणजे लिपी आणि भाषा त्या त्या गावची, पण म्हणणं एक, क्रमही एक. म्हणूनच सोपाऱ्याचा तुकडा दुसरीकडच्या पूर्ण लेखाशी ताडून पाहता आला.

“म्हणजे सगळीकडे सारखं लिहून ठेवलं, म्हणून हरवलेलं सापडलं,” भाची वहीत लिहीत म्हणाली. तिचं हे वाक्य लक्षात ठेवा हं. पुढे कामाला येणार आहे!

वसई रोडला उतरून बसने वसई गावात पोचलो, तेव्हा पावणेबारा वाजत आले होते. वाचनालयाच्या दारावर पाटी होती, ‘वेळ सकाळी ९ ते १२, सायंकाळी ५ ते ८’. आत लाकडी टेबलावर वर्तमानपत्रं पसरून तीन आजोबा वाचत होते. कोपऱ्यात बसलेल्या ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. आम्ही कशासाठी आलोय ते कळल्यावर त्या म्हणाल्या, “थांबा हं, इतिहासात बघते,” आणि तडक एका कपाटाकडे गेल्या.

तुम्ही कधी निरखून पाहिलंय का? वाचनालयातल्या पुस्तकाच्या पाठीवर, खालच्या बाजूला, आकड्यांची एक चिठ्ठी असते. ते आकडे म्हणजे पुस्तकाचा पत्ता. मेल्व्हिल ड्युई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली ही युक्ती प्रसिद्ध केली. ज्ञानाचे दहा मोठे कप्पे, त्यांचे पुन्हा दहा-दहा लहान कप्पे. या पद्धतीत भारताचा इतिहास म्हणजे ९५४ आणि मराठी साहित्य म्हणजे ८९१.४६. ही पद्धत वापरणाऱ्या कुठल्याही देशातल्या ग्रंथालयात ९५४ च्या कपाटापुढे उभे राहा, समोर आपलाच देश!

दोन मिनिटांत पुस्तक आलं. करडं कापडी पुठ्ठ्याचं, कडा पिवळ्या पडलेल्या. भाचीने आधी मागचं पान उघडलं. तिथे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली होती. शेवटचा शिक्का नऊ वर्षांपूर्वीचा होता.

“नऊ वर्षं कुणी नेलंच नाही?” तिचा आवाज एवढा मोठा, की आजोबांनी वर्तमानपत्रं खाली घेतली.

“कोण नेणार बाळ?” बाई म्हणाल्या. “ज्याला हवं असतं त्याला ते इथे आहे हे माहीत नसतं. तुम्ही सभासद आहात का?”

आम्ही सभासद नव्हतो. बाहेरच्या माणसाला पुस्तक घरी देता येत नाही, असा नियम. भाचीने आपलं विरारचं कार्ड पुढे केलं. बाईंनी ते हातात घेऊन नीट पाहिलं आणि परत दिलं. “ते त्यांचं, हे आमचं,” त्या म्हणाल्या. तेवढ्यात बाराला पाच मिनिटं उरली. भाचीने घाईघाईने दीड पान उतरवून घेतलं, पण पुस्तक तर चांगलं जाडजूड!

मला जरा रागच आला. मी म्हटलं, “बाई, २००९ साली वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून एक महापालिका झाली. मग वाचनालयाचं कार्ड एक का नाही?”

खिडक्या लावता लावता बाईंनी जे सांगितलं, ते मला तरी नवीन होतं. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारने काढलेली नाहीत. गावातली पुस्तकवेडी माणसं एकत्र येतात, संस्था स्थापन करतात, वर्गणी जमवतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय असंच १८९३ साली सुरू झालं. १९३९ मध्ये मुंबई सरकारने असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने आराखडा दिला, की मुंबईत मध्यवर्ती ग्रंथालय असावं, त्याखाली विभागाचं, जिल्ह्याचं, तालुक्याचं आणि शेवटी गावाचं. झाडाच्या खोडापासून डहाळीपर्यंत रस जावा, तसं पुस्तक खेड्यापर्यंत जावं! पुढे १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आज या कायद्याखाली राज्यात दहा हजारांहून अधिक शासनमान्य वाचनालयं आहेत. त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे सरकारी अनुदान.

“कायद्याने आम्हाला अनुदान मिळतं, तपासणी होते,” बाई म्हणाल्या. “पण शेजारच्या वाचनालयाच्या कपाटात काय आहे, ते मला दिसत नाही. माझ्या कपाटातलं त्यांना दिसत नाही. आमच्याकडे संगणक आहे. पण हजारो पुस्तकांच्या नोंदी त्यात भरायच्या कुणी? इथे मी एकटी.” मग कुलूप काढत म्हणाल्या, “पाच वाजता या. बघू या काही होतं का.”

पाच तास हातात होते. वसईत आलेल्या माणसाने ते किल्ल्यातच घालवावेत! वाटेत सुकेळी घेतली. ही वाळवलेली गोड केळी म्हणजे या भागाची खासियत. पडक्या चर्चच्या सावलीत बसून आम्ही डबा सोडला. भिंतींतून वडा-पिंपळाची मुळं उतरलेली, पलीकडून खाडीचा खारा वारा आणि मासळीचा वास.

१५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी मोठ्या झुंजीनंतर ती जिंकली, हे तुम्ही इतिहासात शिकलाच आहात. पण भाचीला मी एक वेगळीच गोष्ट सांगितली. ती आहे आजच्या पोर्तुगालची.

हा देश १९७४ पर्यंत हुकूमशाहीखाली होता. तिथली सार्वजनिक वाचनालयं तेव्हा थोडी आणि दुबळी होती. १९८७ मध्ये सरकारने एक साधा करार सगळ्या नगरपालिकांपुढे ठेवला. तुम्ही वाचनालय बांधा, अर्धा खर्च आम्ही देऊ. पण इमारत, पुस्तकं, शिकलेला ग्रंथपाल, मुलांसाठी वेगळा विभाग, हे सगळं ठरलेल्या नियमांप्रमाणेच हवं. गावोगावी नवी वाचनालयं उभी राहिली. आणि नियम एक असल्यामुळे ती एका जाळ्याचे धागे झाली.

पुढची गंमत ऐका. युरोपात चिमुकले-मोठे कितीतरी देश. प्रत्येकाची भाषा वेगळी, कायदा वेगळा. तिथे युरोपीय संघ आहे, पण अमुक देशाने वाचनालय कसं चालवावं, हे तो ठरवत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं. मग मेळ कसा घालायचा? १९९२ मध्ये तिथल्या ग्रंथालय-संघटनांनी मिळून ‘एब्लिडा’ ही संस्था काढली. तिचं कार्यालय नेदरलँड्समधल्या हेग शहरात. पुढे २००२ मध्ये निरनिराळ्या देशांचे वाचनालयांचा कारभार पाहणारे सरकारी विभागही ‘नेपल’ नावाच्या मंडळात एकत्र आले. आणि २००३ च्या मार्चमध्ये तीसहून अधिक देशांचे लोक एका गावी जमले. संगणकाच्या युगात गावातल्या लहान वाचनालयाने काय करावं, याचा जाहीरनामा त्यांनी तिथे ठरवला. ते गाव कुठलं? लिस्बनजवळचं ओएराश. म्हणजे पोर्तुगालच!

“त्यांचा किल्ला इथे, आणि त्यांचं वाचनालय तिथे,” भाची सुकेळी चघळत म्हणाली. “पण मामा, नुसता जाहीरनामा काढून मला पुस्तक मिळेल का?”

नाही मिळणार. जाहीरनाम्यामागे काम लागतं. डेन्मार्कचंच बघा. २००० साली तिथे देशभरच्या ग्रंथालयांची मिळून एक यादी इंटरनेटवर खुली झाली. पुस्तक देशात कुठेही असो, तुम्ही यादीत शोधा आणि मागणी नोंदवा. ते तुमच्या गावच्या वाचनालयात येतं. फिनलंडमध्ये कायद्यानेच वाचनालय चालवणं ही नगरपालिकेची जबाबदारी आहे, आणि तिथे पुस्तक घरी न्यायला पैसे पडत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ते श्रीमंत देश, त्यांना काय! पण दोस्तांनो, यात पैशापेक्षा मोठी गोष्ट आहे. सगळ्यांनी नोंद एकाच पद्धतीने करायची, ही ती गोष्ट. घरातलं एखादं नवं पुस्तक उलटं करून बघा. मागे तेरा आकडे दिसतील. सुरुवातीला ९७८, त्यानंतर ८१ किंवा ९३ असेल, तर ते पुस्तक भारतातलं. जगात कुठेही हाच क्रमांक त्या पुस्तकाची ओळख. १९७० पासून ही पद्धत जगभर रूढ झाली. पूर्वी आकडे दहा असत, २००७ पासून ते तेरा झाले. आणि संगणकावर नोंदी ठेवायला महागडी प्रणालीच लागते असंही नाही. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या ग्रंथालयाने ‘कोहा’ नावाची प्रणाली करून घेतली आणि २००० साली ती सगळ्या जगाला फुकट देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट!

आपल्या देशातही याची जाण फार जुनी आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतल्या एकाचा अर्थ असा, की कुठल्याही पुस्तकाला कुठेतरी वाचक असतोच, ग्रंथालयाने दोघांची गाठ घालून द्यायची. त्यांचा वाढदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून पाळतो. त्या करड्या पुस्तकाचा वाचक दोन स्टेशनं दूर होता. आणि गाठ पडायला सरांची आठवण कामी आली, यादी नव्हे.

बरोबर पाचला आम्ही दारात हजर! बाई आमची वाटच पाहत होत्या. त्यांनी दुपारी संस्थेच्या कार्यवाहांना विचारलं होतं. एका अटीवर ते तयार झाले. पुस्तक भाचीला नाही, तर विरारच्या वाचनालयाला उसनं द्यायचं. जबाबदारी त्यांची.

बाईंनी विरारला फोन लावला. पलीकडून तिथले काका बोलत होते. बाई म्हणाल्या, “नमस्कार, मी वसईहून बोलतेय. तुमची एक सभासद इथे बसलीय. एवढीशी आहे, पण उठायला तयार नाही!” मग दोघांचं बराच वेळ बोलणं झालं. फोन ठेवून बाई हसल्या. “इतकी वर्षं काम करतोय आम्ही दोघं. आज पहिल्यांदा बोललो.”

नोंदवहीत विरारच्या वाचनालयाचं नाव पडलं. तारखांच्या चिठ्ठीवर नऊ वर्षांनी नवा शिक्का उमटला. पुस्तक पिशवीत घालून आम्ही वसई रोडला आलो आणि विरार गाडी पकडली. भाची दारापासून आत, कोपऱ्यात उभी राहून वाचत होती. विरार आलं तेव्हा तिला हलवावं लागलं.

निबंध तिने छान लिहिला. बक्षीस मिळालं नाही. पण ती गप्प बसली नाही! दोन मैत्रिणींना घेऊन तिने एक दोनशे पानी वही आणली आणि रेघा मारल्या. रकाने पाच: पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, पाठीवरचा क्रमांक आणि पुस्तक कुठे आहे. सध्या फक्त वसई तालुक्यावरची पुस्तकं घ्यायची. किल्ला, सोपारा, इथल्या बोली, बागायती, मासेमारी. विरारच्या काकांनी त्यांना दर शनिवारी तासभर कपाटं उघडून द्यायचं कबूल केलंय, वसईच्या बाईंनीही. पूर्ण झाल्यावर वहीची एकेक प्रत दोन्हीकडे ठेवायची.

पहिल्याच शनिवारी भांडण झालं. एका मैत्रिणीने ‘सोपारा’ लिहिलं, दुसरीने ‘नालासोपारा’, आणि एकच पुस्तक यादीत दोनदा आलं! मग तिघींनी मिळून नियम केला, की पुस्तकाच्या आतल्या पानावर जसं छापलंय तसंच नाव लिहायचं. असाच प्रश्न युरोपातल्या मोठमोठ्या ग्रंथपालांनाही सोडवावा लागला होता, हे मी त्यांना सांगितलं. तेव्हा तिघी भलत्याच खूश झाल्या.

बालमित्रांनो, तुमच्या गावात किंवा जवळच्या गावात वाचनालयं असतील. शाळेचं असेल, सार्वजनिक असेल, एखाद्या मंडळाचंही असेल. एक वही आणायला काय हरकत आहे? तुमच्या गावाबद्दलची पुस्तकं कुठे कुठे आहेत, तेवढंच लिहून काढा. मात्र सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहा. ग्रंथपालांना आधी विचारा आणि पुस्तकं काढाल तिथेच परत ठेवा.

करडं पुस्तक सध्या विरारच्या काकांच्या टेबलावर आहे. ते परत करायची तारीख जवळ आली, म्हणून परवा मी न्यायला गेलो. तर काका म्हणाले, “चार दिवस थांबा. आणखी एका मुलाने मागितलंय. वसईला मी फोन करून मुदत वाढवून घेतलीय.”